कॅसेटचा दुसरा थर

इश्राका बाबिकर इद्रीस हे नाव पुण्यात कुणालाच एका दमात घेता येत नसे. म्हणून गाणी करायला लागल्यावर तिनं एक सुटसुटीत नाव घेतलं : कर्कदे. सुदानमध्ये लाल अंबाडीच्या फुलांचं सरबत करतात, त्याचं हे नाव. पहिल्याच कार्यक्रमात निवेदकानं "आणि आता येत आहेत कुमारी करकडे" असं पुकारलं. कार्यक्रम संपल्यावर एक सद्गृहस्थ मंचामागे आले आणि म्हणाले, "तुम्ही फलटणचे करकडे का? तुमचे काका माझ्या वर्गात होते."

इश्राकाचे एकूण एक काका सुदानमध्ये, अल-ओबेद या गावी. तिचे वडील बाबिकर १९९८ साली तिथून पुण्यात शेतकी शिकायला आले. इथे ते आधी ज्वारीच्या प्रेमात पडले आणि मग वृंदा कानडेच्या. हा क्रम वृंदाबाई स्वतः सांगत. पुढची पस्तीस वर्षं बाबिकरांनी ज्वारीची नवी वाणं काढण्यात घालवली. आता निवृत्त होऊन ते गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये ज्वारी लावत आणि मुलीच्या संगीतावर मत देत.

इश्राका सुदानी ताल घेऊन संगणकावर संगीत रचायची. तिकडे लग्नाकार्यात बायका दलूका नावाचा मातीचा ढोल मांडीवर घेऊन वाजवतात. तो ठेका, त्यावर पाच सुरांत फिरणारी चाल, आणि खाली छातीत घुमणारा इलेक्ट्रॉनिक खर्ज. तरुण पोरं त्यावर तासन् तास नाचत. बाबिकरांचं मत मात्र कायम एकच : "बित्ती, तू दलूका मिक्सरमध्ये घातलीस आणि झाकण लावायला विसरलीस."

बित्ती म्हणजे त्यांच्याकडे पोरी.

२०४३ साली मात्र तिच्यापुढे खराच पेच उभा राहिला. तोवर गाणारी यंत्रं इतकी तयार झाली होती, की "अल-ओबेदचा ताल, थोडा उदास, तीन मिनिटं" एवढं म्हटलं की चहा गाळून होईस्तोवर गाणं हजर. जगात जे जे ध्वनिमुद्रित झालं होतं ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं होतं. त्याला कंटाळून हडपसरच्या एका मोठ्या संगीत महोत्सवानं नियमच केला : प्रत्येक रचनेत किमान एक आवाज असा हवा, जो कुठल्याही यंत्रानं कधीही ऐकलेला नाही. इश्राकाला अर्ध्या तासाचं निमंत्रण होतं. पाच आठवडे हातात होते, आणि तिच्याजवळचा एकूण एक आवाज यंत्रांना तोंडपाठ होता.

एक सोडून.

घरात एक कॅसेट होती. बाबिकर पुण्याला निघाले तेव्हा त्यांच्या आईनं, हाजा बतूलनं, गल्लीतल्या बायका जमवून दलूकावर निरोपाचं गाणं म्हटलं होतं, ते त्या कॅसेटमध्ये होतं. म्हणजे, होतं असं म्हणायचं. २००७ साली वृंदाबाईंची पहिली मंगळागौर झाली. जावई सुदानचा असला तरी मंगळागौर आमच्या पद्धतीनंच होणार, हे त्यांच्या मावश्यांनी आधीच बजावलं होतं. मावश्यांचे खेळ टेप करायला वृंदाबाईंनी घाईघाईत जी कॅसेट उचलली, ती नेमकी हीच. हाजा बतूल त्याच्या आदल्या वर्षी वारली होती.

त्या एका चुकीवर घरचा कारभार छत्तीस वर्षं चालला. फ्लॅटला रंग कुठला द्यायचा, सुट्टीत कुठं जायचं, इश्राकाला कुठल्या शाळेत घालायचं, कुठलाही वाद हातघाईवर आला की बाबिकर खिडकीबाहेर बघत हळूच म्हणत, "असू दे. माझ्या आईचा आवाज गेला, तिथं रंगाचं काय?" आणि वृंदाबाई गप्प होत. त्यांच्या दिवाणखान्याला छत्तीस वर्षं पिवळा रंग होता. वृंदाबाईंना पिवळा बघितला की मळमळायचं.

"बाबा, आता पुसलेलं परत काढता येतं," इश्राका एका सकाळी म्हणाली. "पाषाणला माझी मैत्रीण आहे ना, अश्लेषा पोंक्षे, तिच्या प्रयोगशाळेत."

बाबिकर कुंडीतलं तण उपटत होते. ते थांबले. "नको."

"नको? अहो, तुमच्या आईचा आवाज!"

"मेलेल्या माणसांना झोपू द्यावं," ते म्हणाले, आणि तणाबरोबर ज्वारीचं एक चांगलं रोपही उपटून टाकलं.

इश्राकाला वाटलं, दुःख अजून ओलं असणार. वृंदाबाईंना तसं काही वाटलं नाही. दुपारी त्यांनी कॅसेट कपाटातून काढली, रुमालात गुंडाळली आणि मुलीच्या पिशवीत ठेवली. "घेऊन जा. सासूबाई एकदा परत आल्या, की मी सुटले. मग भिंती पांढऱ्या."

*

प्रयोगशाळेच्या दारावर पाटी होती : 'येथे निघालेल्या आवाजांमुळे घरी होणाऱ्या भांडणांस संस्था जबाबदार नाही.'

"गंमत म्हणून लावलीय?" इश्राकानं विचारलं.

"गेल्या महिन्यात एक आजोबा स्वतःच्या मुंजीची कॅसेट घेऊन आले," डॉ. अश्लेषा म्हणाली. "खालच्या थरात त्यांच्या वडिलांनी लहान भावाला घर देतो म्हटलेलं निघालं. आता तो सत्तर वर्षांचा लहान भाऊ रोज इथं येऊन बसतो. माणसं कॅसेटी विहिरीत टाकायला लागलीत, इशू. पूर्वी पुसलं की पुसलं जायचं. आता तसं नाही."

मग तिनं यंत्र दाखवलं. त्याचं सरकारी नाव दीड ओळींचं होतं, पण सगळे त्याला सोलाणं म्हणत. कॅसेटच्या फितीवर लोहाचे बारीक कण असतात. आवाज टेप होतो म्हणजे हे कण चुंबकाच्या जोरानं विशिष्ट दिशांना तोंड करून बसतात. त्यावर दुसरं काही टेप केलं की ते नव्या दिशेला वळतात. पण सगळेच वळत नाहीत. फितीच्या कडेचे काही, खोलवरचे काही हट्टी कण जुन्याच दिशेला तोंड करून राहतात. वहीत पेन्सिलीनं लिहून खोडलं तरी बोट फिरवल्यावर कागदावरच्या खाचा लागतात, तसंच हे. सोलाण्याच्या टोकाला एक हिरा होता, मोहरीहून लहान. त्यात मुद्दाम एक खोट ठेवली होती : कार्बनच्या जागी नायट्रोजनचा एक अणू आणि शेजारी एक रिकामी जागा. हिरवा प्रकाश टाकला की ही खोट लाल चमके, आणि जवळच्या कणाचं तोंड कुठं आहे त्याप्रमाणे तिची चमक कमीजास्त होई. असा एकेक कण मोजत, वरच्या थराचा हिशेब वजा करत, खालचा थर मोकळा करायचा.

"चार थरांपर्यंत जाता येतं," अश्लेषा म्हणाली. "तुझ्याकडे दोनच आहेत ना?"

"दोनच. वर मंगळागौर, खाली हबोबा." हबोबा म्हणजे आजी.

पहिला थर निघाला. पायांचा धबधब आवाज, धापा, आणि एका मावशीचं स्पष्ट बोलणं : "अगं, ते यंत्र चालूच आहे की! बंद कर, मी आत्ताच काय बोलले ते जाईल त्यात." अश्लेषानं तो थर बाजूला ठेवला. पडद्यावरची रेघ थरथरली. इश्राका पडद्याकडे सरकली. तिनं आजीचा आवाज जन्मात ऐकला नव्हता.

कुणीतरी घसा खाकरला. पुरुषानं.

"एक, दोन, तीन. चालू? चालू. आज चौदा ऑगस्ट, दोन हजार पाच. वृंदा, मी बाबिकर बोलत आहे. हे गाणे आहे."

त्यानंतर स्टीलच्या ताटावर चमचा वाजू लागला, आणि इश्राकाच्या वडिलांनी, वय वर्षं सत्तावीस, सुराच्या जवळपासही न फिरकता, गायला सुरुवात केली :

"वृंदा, तुझे दात ज्वारीचे दाणे,
तुझ्यासाठी बाबिकर करतो गाणे.
तुझ्या घरी कुत्रा आहे मोठा फार,
म्हणून मी थांबलो फाटकाच्या पार."

मग शांतता. मग, "चुकले. परत." आणि पुन्हा चमचा. अर्ध्या तासाच्या त्या बाजूवर हे गाणं अकरा वेळा होतं. सातव्या वेळी वसतिगृहातला कुणीतरी दार ठोठावून इंग्रजीत शिवी देत होता.

अश्लेषा हसून हसून खुर्चीवरून घसरली होती. इश्राका हसत नव्हती. ती तारखांची मांडणी करत होती. मंगळागौर २००७ ची. हे २००५ चं. म्हणजे आईनं मंगळागौर टेप केली तेव्हा आजीचा आवाज त्या कॅसेटवर आधीच नव्हता. तो पुसणारा माणूस ताटावर चमचा वाजवत होता.

"अजून एक थर आहे," अश्लेषा डोळे पुसत म्हणाली.

मग तोही निघाला. आधी ढोल. मग बायकांचा एकदम उठलेला लखलखीत किलकिलाट. आणि त्यावरून एक जाड, खडबडीत, खट्याळ आवाज. चाल तीच, चमच्याची. सुरात लागली म्हणजे ती कशी असते ते आत्ता कळत होतं.

"भूप आहे हा," अश्लेषा कुजबुजली. "अगदी भूप."

"अल-ओबेद आहे," इश्राका म्हणाली. शब्द तिला अर्धेच कळत होते. गावाकडची जुनी बोली होती. त्यात एक शब्द सारखा येत होता आणि तो तिला पक्का माहीत होता : बकरी.

*

अर्थ विचारायला वडिलांकडे जाण्यावाचून इलाज नव्हता. तिनं त्यांना कृषी महाविद्यालयाच्या आवारात गाठलं. तिथं ते रोज सकाळी फिरायला येत. एका बाकावर बसवून, खाली हबोबाही निघाली आहे असं सांगून, तिनं आधी त्यांच्या कानात दुसरा थर लावला.

पहिल्याच ओळीला बाबिकरांनी डोळे मिटले. तिसऱ्या वेळेपर्यंत त्यांनी ऐकलं, मग यंत्र काढून तिच्या हातात दिलं.

"मला वाटलं होतं कोरी बाजू आहे," ते म्हणाले. "कॅसेट उलटी घातली. तुझ्या आईला द्यायचं होतं हे, पण धीर झाला नाही. मग जानेवारीत माझी आई गेली. तार आली त्या दिवशी तिचा आवाज ऐकायला कॅसेट लावली, आणि मीच गात होतो. कुत्र्याबद्दल."

इश्राकाला हसू आणि रडू एकदमच आलं. तिनं दोन्ही गिळलं.

"कुणाला सांगितलं नाही. पुढच्या वर्षी मंगळागौरीला तुझ्या आईनं तीच कॅसेट वापरली आणि नंतर तिच्यावरची अरबी अक्षरं बघून तिच्या एका मावशीनं आरडाओरडा केला. वृंदा इतकी रडली! मी सांगणारच होतो. पण एक क्षण असा आला, बित्ती, की मला हलकं वाटलं. माझं पाप कुणीतरी उचलून अंगावर घेतलं होतं. म्हटलं आठवड्यानं सांगू. आठवड्यानं तिनं माझ्यासाठी किसरा, आमची ज्वारीची पातळ भाकरी, करायला शिकून घेतली. कसं सांगणार?"

"छत्तीस वर्षं, बाबा. पिवळ्या भिंती."

"मला तर निळ्या आवडतात," बाबिकर खिन्नपणे म्हणाले. "पण तेव्हा दुकानात पिवळाच होता, आणि तोंडातून वाक्य निघून गेलं होतं." मग ते तिच्याकडे वळले. "तो मधला थर पुसून टाक. आईचं गाणं ठेव. वृंदाला कशाला सांगायचं?"

"पुसता येत नाही. तेच तर सगळं."

*

वृंदाबाईंनी स्वयंपाकघरात टेबलाशी बसून एकेक थर ऐकायला घेतला. दुसरा थर संपल्यावर त्यांनी यंत्र थांबवलं. बाबिकर दारात उभे होते. आत यायचं की गच्चीवर पळायचं, हे त्यांचं ठरत नव्हतं.

"बाबिकर," त्या म्हणाल्या. एरवी त्या 'अहो' म्हणत. नाव घेतलं की काही खरं नसे. "हे गाणं तू माझ्यासाठी केलंस?"

"हो. पण वृंदा, कॅसेटचं मी..."

"कॅसेटचं नंतर. ते मी विसरत नाही, काळजी करू नकोस. दोन हजार पाचच्या ऑगस्टमध्ये तू हे केलंस, आणि मला दिलं नाहीस. मी वर्षभर वाट बघितली! शेवटी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये मीच विचारलं तुला, सगळ्यांदेखत! आणि तू काय म्हणालास? 'विचार करून सांगतो.' मला चाळीस वर्षं वाटतंय, की मी या माणसाच्या गळ्यात पडले."

"मी विचार केला होता आधीच," बाबिकर पुटपुटले. "अकरा वेळा."

"आणि मीच ते मंगळागौरीनं पुसलं," वृंदाबाई म्हणाल्या, आणि त्यांना अचानक इतकं हसू फुटलं, की त्यांनी टेबलावर डोकंच टेकलं.

तिसरा थर लागला. बाबिकर आजवर सगळ्यांना सांगत आले होते, की आईनं त्या गाण्यात त्यांना सिंहाची उपमा दिली आहे. आता ते टोपी सारखी करत अर्थ सांगू लागले, "आई म्हणते, हिंदच्या लोकांनो, माझा सिंह येतो आहे..."

"बाबा, बकरी म्हणतेय ती," इश्राका म्हणाली.

बाबिकरांनी सुस्कारा सोडला आणि मग खरा अर्थ सांगितला. हिंदच्या लोकांनो, माझा मुलगा येतोय, जरा जपा. यानं तीन बकऱ्या चारायला नेल्या, दोन परत आणल्या, आणि म्हणाला तिसरी आधीपासून नव्हतीच. जी कुणी याच्याशी लग्न करेल तिला माझा निरोप आहे : खोटं बोलताना हा टोपीला हात लावतो.

बाबिकरांचा हात टोपीवरच होता. तो त्यांनी सावकाश खाली घेतला.

"छत्तीस वर्षं उशिरा मिळाली मला ही माहिती," वृंदाबाई म्हणाल्या.

शेवटच्या कडव्याला मात्र कुणी हसलं नाही. बाबिकरांनी ते दोनदा ऐकलं. "आई म्हणते, त्याला रागावशील तेव्हा माझ्याही वाटचं रागव. आणि ताट वाढशील तेव्हा माझ्याही वाटचं वाढ." वृंदाबाई उठल्या. त्यांनी आधी दुसरं वाक्य पाळलं आणि त्यांच्यापुढे ताट ठेवलं. पहिलं वाक्य त्यांनी संध्याकाळी पाळलं, चांगलं तासभर.

*

महोत्सवाला बारा दिवस उरले होते, आणि इश्राकाच्या हातात जगात कुणाकडे नसलेला आवाज होता. तिची अर्धी रचना तयारही झाली. मग अश्लेषाचा फोन आला.

"लातूरच्या त्या गोंधळी आजोबांचं कळलं ना? गेल्या वर्षी महोत्सवात त्यांचा आवाज पहिल्यांदा वाजला. समोर वीस हजार माणसं, म्हणजे वीस हजार फोन. चौथ्या दिवशी तो आवाज एका विमा कंपनीच्या फोनवर 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणत होता. हुबेहूब. आजोबांचे नातू फोन लावून रडतात."

इश्राकानं हबोबाची फीत पुन्हा ऐकली. त्या खट्याळ आवाजाला हप्त्यांची मुदत सांगायला लावतील, फिनेल विकायला लावतील. अडतीस वर्षं कणांच्या आड लपलेली बाई एका संध्याकाळीत सगळ्या जगाच्या घशात जाईल. दुसरीकडे, हा आवाज नसेल तर महोत्सव नाही. असं निमंत्रण पुन्हा येईलसं नव्हतं.

ती दोन दिवस संगणकासमोर नुसती बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं आईवडिलांना सांगितलं, "हबोबा घरीच राहणार."

"मग वाजवणार काय?" बाबिकरांनी विचारलं.

दोघी त्यांच्याकडे बघू लागल्या.

"नाही," बाबिकर म्हणाले. "अजिबात नाही. मी परवानगी देत नाही."

"गाणं माझ्यासाठी केलंय ना?" वृंदाबाई म्हणाल्या. "म्हणजे ते माझं. मी देते परवानगी."

ठेका राहिला होता. फितीवरचा घ्यायचा नाही, तर हातांनी वाजवायचा. वृंदाबाईंनी मंगळागौरीतल्या जुन्या मैत्रिणी गोळा केल्या : सहाजणी, मिळून चार नवे गुडघे. बाबिकरांनी कुंभाराकडून मातीची भांडी आणून कातडं चढवलं आणि आईचा ठेका शिकवायला घेतला. पहिले तीन दिवस ते चिडत होते. चौथ्या दिवशी मालतीताईंनी तो एकदम पकडला आणि म्हणाल्या, "अहो, हे तर पिंग्यासारखंच, फक्त एक पाऊल उशिरा टाकायचं!" बाबिकर खुर्चीवर बसले आणि बराच वेळ नुसते ऐकत राहिले.

कार्यक्रम भर उन्हात, चार वाजता झाला. सहा बायका, सहा ढोल, खाली इश्राकाचा खर्ज, आणि त्यावर सत्तावीस वर्षांच्या बाबिकरांची खाकरणी, चमचा आणि अकरा प्रयत्न. पहिल्या प्रयत्नाला लोक हसले. पाचव्याला 'चुकले, परत' हे वीस हजार माणसं एकसुरात म्हणू लागली. सातव्याला दार ठोठावणाऱ्याला टाळ्या मिळाल्या. अकराव्या वेळी बाबिकर फाटकापाशी पोचले तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "काका, जा आत! कुत्रा बांधलाय!"

पहिल्या रांगेत बसलेल्या काकांनी टोपी नाकापर्यंत ओढून घेतली होती.

यंत्रांनी अर्थातच ऐकलं. आठवड्याच्या आत बाबिकरांच्या आवाजातली दोनशे गाणी निघाली. अश्लेषा मुद्दाम घरी आली आणि तिनं त्यातलं एक वृंदाबाईंना ऐकवलं. तीच 'वृंदा', तोच आवाज, मागे सारंगी.

वृंदाबाई पोळी लाटता लाटता दोन ओळी ऐकून म्हणाल्या, "हा कोण?"

"काका! म्हणजे, यंत्रानं केलेले काका."

"छे. हा माणूस सुरात गातोय. हे नव्हेत."

बाबिकर दिवाणखान्यात पांढऱ्या रंगाचे डबे उघडत होते. ते तरातरा आत आले. "म्हणजे काय? मला सुरात येत नाही? तेव्हा सर्दी होती मला!"

"अकराही वेळा?"

"थांब, दाखवतो," ते म्हणाले. त्यांनी फडताळातून ताट घेतलं, चमचा घेतला आणि टेबलाच्या पलीकडे उभे राहिले. घसा साफ केला. मग त्यांच्या लक्षात आलं, की हे गाणं त्यांनी आजवर तिच्या समोर कधीच म्हटलेलं नाही, आणि त्यांचे कान हळूहळू तापू लागले.

वृंदाबाईंनी गॅस बंद केला, पिठाचे हात पुसले आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "चालू?"

"चालू," बाबिकर म्हणाले, आणि पहिलाच सूर चुकला.